पोचम्माच्या नावची गोळी

लातूरला मी जीवशास्त्र शिकवतो. म्हणजे कॉलरला माइक लावून एका मोठ्या हॉलमध्ये दोन-दोन तास घसा कोरडा करतो, आणि समोर बसलेली गावोगावची पोरं त्यातलं परीक्षेत येणारं तेवढं वेचून घेतात. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, वाढीचा निरोप बाहेरून येतो, रिसेप्टर तो धरतो आणि आत पोचवतो, मग पेशी दुभंगते, इथपर्यंत सगळ्यांच्या माना हलतात. त्याच्या पुढे जायला लागलो की कुणीतरी विचारतंच, "सर, हे येतं का?" येत नाही, असं म्हणून मी वर्षानुवर्षं ते पान उलटत होतो. अक्काचा रिपोर्ट आला त्या वर्षापासून उलटत नाही. पोरं वैतागतात. वैतागू देत.

अक्का माझी थोरली बहीण. देगलूरच्या पुढे, तेलंगणाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात तिला दिलेली, आणि दिलेली कुणाला, तर आमच्या सख्ख्या मामांना. आमच्याकडे हे चालतं. पुण्याकडची माणसं ऐकून तोंड वाकडं करतात, त्यांनी खुशाल करावं. वडील गेल्यावर आईही तिथंच राहायला गेली. तिचं माहेर तेच आणि लेकीचं सासरही तेच, त्यामुळे त्या घरात आईचा शब्द दोन्ही बाजूंनी चालायचा. अक्काच्या दोन्ही मुली लग्न होऊन हैदराबादकडे गेल्या होत्या. घरात उरली तिघं, आई, मामा आणि अक्का.

अक्काला खोकला लागला. तिनं आयुष्यात कधी विडी तर सोडाच, तपकीरही ओढली नव्हती. आपल्याकडे खोकला, उतरलेलं वजन आणि फोटोत डाग एवढं जुळलं की टीबी, हे ठरलेलंच आहे. तिकडच्या डॉक्टरांनी टीबीचा कोर्स दिला. लघवी केशरी करणाऱ्या त्या गोळ्या अक्कानं एकही न चुकवता घेतल्या आणि कोर्स संपला तेव्हा ती अंगणातून दारापर्यंत चालली तरी धापा टाकत होती. मग मी तिला लातूरला आणलं. स्कॅन झालं, छातीत सुई घालून तुकडा काढला, तो मुंबईला गेला.

लातूरच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, "फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज आहे. पण नशीब चांगलं आहे, ईजीएफआर पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे बिघाड एका रिसेप्टरमध्ये आहे. गोळीवर भागेल." चौथी स्टेज आणि चांगलं नशीब एका श्वासात ऐकून मला हसावं की रडावं कळेना. अक्का बाहेर बाकावर मोसंबी सोलत बसली होती. मी विचारलं, किती दिवस भागेल? त्या म्हणाल्या, कुणाला वर्ष, कुणाला थोडं जास्त, कुणाला कमीही. मग गोळी लागू पडायची थांबते.

"थांबतेच?"

"थांबतेच."

त्या क्षणापासून पुढचं सगळं मला माहीत होतं. माहीत असण्याचा कुणाला काय उपयोग झाला, ते मला आजवर कळलेलं नाही.

निघताना बाईंनी अक्काला समोर बसवून सांगितलं, की चेहऱ्यावर, छातीवर पुरळ येईल, नखांच्या कडा सुजतील, जुलाब होतील. घाबरायचं नाही, पुरळ आलं म्हणजे गोळी पोचली असं समजायचं. अक्कानं मान हलवली. मामा तेव्हा खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभे होते आणि आई गावाकडं होती; घरी सांगायचं मी अक्कावरच सोडलं. एवढीशी गोष्ट, पण पुढचं सगळं तिच्यातून उभं राहिलं.

गोळी सुरू करून मी तिला पोचवायला गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं शेतात विहिरीपाशी बसलो होतो. ती म्हणाली, "पोरास्नी माइकवर सांगतूस ना, तसं मला सांग. मला झालंय तरी काय?"

भिंतीवर मोटारीचा स्टार्टर होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, "पेशीच्या अंगावर असा एकेक स्टार्टर असतो. बाहेरून कुणीतरी येऊन हिरवं बटण दाबलं तरच मोटार चालू व्हायची. तुझ्या छातीतल्या काही पेशींत तो ऑटोवर पडलाय. कुणी दाबत नाही तरी मोटार चालूच."

"म्हंजी पाणी बांधाभायेर चाल्लंय."

"हाव."

"आन् गोळी काय करती?"

"स्टार्टरला जिथून लाइट मिळते ना, नेमकं त्या जागेत जाऊन बसते. लाइटच घेऊ देत नाही."

तिला पटलं. तिनं स्टार्टरच्या वायरीवरून नजर वर खांबापर्यंत नेली. मग म्हणाली, "आन् कुणी वरून आकडा टाकून लाइट घेतली तं?"

आमच्या भागात वीज चोरायला तारेवर आकडा टाकणं काय असतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी म्हटलं, ते पुढचं पुढं बघू. ती हसली. मला वाटतं ती तेव्हाच समजली.

गोळीनं कमाल केली, हे मला मान्य केलंच पाहिजे. पहिल्या पंधरवड्यातच फोनवर तिचा आवाज मोकळा झाला. खोकला गेला. दारापर्यंत धापा टाकणारी अक्का डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन शेतात गेली, असं मामांनी सांगितलं तेव्हा मी हॉलच्या मागच्या जिन्यात उभा राहून रडलो आणि तोंड धुऊन पुढचा तास घेतला.

मग फोन बंद झाले. केला तर मामा घाईघाईत बोलायचे, "बरी हाय, बरी हाय." मी येतो म्हटलं तर म्हणाले, "आत्ता नगं येऊ. भायेरच्या माणसानं सध्या येऊ न्हाई." एवढं ऐकल्यावर कोण थांबणार? सुट्टी टाकली आणि देगलूरची बस धरली. तिथून पुढे जीपनं.

दाराच्या चौकटीला लिंबाचे डहाळे बांधलेले होते. उंबऱ्याबाहेर सगळ्यांच्या चपला. घरात फोडणीचा वास नाही, की कुणाचा मोठा आवाज नाही. अक्का पांढऱ्या धोतरावर लिंबाच्या पाल्यात निजली होती. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, सगळीकडे लाल, पिकल्यासारखे फोड. आई तिच्या पायाशी बसून डहाळीनं वारा घालत होती, आणि म्हणत होती, "शांत हो माय, चुकलंमाकलं पोटात घाल."

आपल्या लेकीला आई "माय" म्हणत होती. अंगावर देवी आल्या की त्या माणसाला नावानं हाक मारायची नसते, त्याच्यात देवी असते. आमच्या हद्दीवर ती देवी म्हणजे पोचम्मा, गावाबाहेर लिंबाखालचा हळद-कुंकू माखलेला दगड. ती घरात आली की फोडणी बंद, बाहेरची माणसं बंद, आणि सगळ्यात आधी औषध बंद. गोळ्यांची पाकिटं भिंतीतल्या देवळीत, तांब्यापाशी, नीट एकावर एक रचून ठेवलेली होती.

माझं डोकंच फिरलं. मी नको ते बोललो. म्हटलं, ही देवी नाही, ही गोळीची खूण आहे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तिच्या छातीत मोटार पुन्हा चालू होतेय आणि तुम्ही पाला हलवत बसलात! माझा जोर संपल्यावर आईनं पदर मागं सारला आणि उजेडात तोंड केलं.

आईचा चेहरा मी जन्मापासून वणांचा बघत आलोय. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, त्याचे ते खड्डे. इतकं रोजचं होतं ते, की मी कधी काही विचारलंच नव्हतं.

"आमी दोघी बहिणी व्हतो," ती म्हणाली. "दोघीला संगच आल्या. धाकटीला बापानं देगलुरात नेऊन सुई टोचली. मला आजीनं लिंबात ठिवलं. धाकटीची देवी आत गेली. आत गेली की माणूस वाचत न्हाई. म्या तुझ्यासमोर बसलेय." आणि मग, "तू लई शिकलास. पर म्या बघितलंय."

मी पोरांना शिकवतो की एका-दोघांच्या अनुभवावरून नियम काढू नये. पण त्या दोघींतली एक आपली आई असेल तर हे वाक्य तोंडातून निघत नाही. मी अक्काकडे वळलो. तिला तर सगळं माहीत होतं, तिनं का नाही सांगितलं?

"सांगितलं की," अक्का पाल्यातूनच म्हणाली. "पर पुरळ आन् देवी एकाच वक्ताला येऊ शकत न्हाईत काय? तूच सांग." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि मला कळेना की ती आईची बाजू घेतेय, माझी घेतेय, की दोघांची गंमत करतेय. शेवटी म्हणाली, "भांडू नगा. तिलाच इचारा. तिच्या घरचं तीच सांगंल."

म्हणून कौल लावायचं ठरलं. मी, आई आणि मामा लिंबाखाली गेलो. मामांनी पोचम्माच्या दगडाला दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर गोळी द्यायची, डावं पडलं तर नाही. आईनं हात जोडून डोळे मिटले. मी, लातूरचा जीवशास्त्राचा मास्तर, एका फुलाकडे बघत उभा होतो आणि मनात म्हणत होतो, पड की गं बाई. उजवं पडलं. मामांनी ते जरा हलक्या हातानं चिकटवलं होतं असं माझं मत आहे, पण मामा आजही कबूल करत नाहीत.

त्या दिवसापासून गोळी पोचम्माची झाली. सकाळी अंघोळ झाली की आई पाकीट देवळीतून काढायची, गोळी तळहातावर घेऊन लिंबाच्या दिशेनं दाखवायची, आणि मग अक्काच्या तोंडात घालायची. एक दिवस चुकला नाही. मी देऊन, मामांनी देऊन इतकी नेमानं कधीच दिली गेली नसती. पुरळ कधी कमी व्हायचं, कधी जास्त, पण पूर्ण जायचं नाही, त्यामुळे आईच्या लेखी देवी घरात वस्तीलाच होती. फोडणीचं मात्र तिनं काही दिवसांनी देवीला विचारून सोडवून घेतलं. मामा पिवळं वरण खाऊन रडकुंडीला आले होते.

ते महिने चांगले होते. चांगले होते असं लिहिताना माझा हात थांबतो, कारण त्यातला प्रत्येक दिवस मी मनात वजा करत जगलो. अक्काच्या पापण्या लांब वाढल्या होत्या, गोळीनं तसं होतं. नखांच्या कडा चिरल्या होत्या, कापूस वेचता येत नव्हता. ती ओसरीवर बसून भाजी निवडायची आणि मला म्हणायची, "बघ, मला आता कुणी रागवत न्हाई. वरण लागलं तरी आई म्हणती, ऱ्हाऊ दे माय." जन्मभर आईची बोलणी खाल्लेली माझी बहीण त्या एका वर्षात घरातली देवी होऊन बसली होती. मी जायचो तेव्हा आई मलाही तिच्या पाया पडायला लावायची. मी पडायचो. अक्का आशीर्वाद द्यायची आणि लगेच डोळा मिचकावायची.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं डोकं दुखायला लागलं. मग उलट्या. मग एक दिवस ओसरीवरून उतरताना डावा पाय उचललाच नाही. लातूरला स्कॅन काढलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं, मेंदूत तीन-चार जागी पांढरे ठिपके होते. छातीतलीही गाठ पुन्हा वाढत होती. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रिसेप्टरच्या जनुकातलं आणखी एक विशिष्ट अक्षर बदललं असेल तर त्यावर दुसरी गोळी निघाली आहे, ती देता येते. मी आठवडाभर त्या एका अक्षराची वाट बघितली. आजार वाढलाय तर निदान अमुकच वाटेनं वाढलेला असू दे, अशी प्रार्थना माणूस करतो, यावर माझा आधी विश्वास बसला नसता.

ते अक्षर बदललेलं नव्हतं. आजारानं दुसरीच कुठली तरी वाट काढली होती. "आता ही गोळी देण्यात अर्थ नाही," बाई म्हणाल्या. डोक्याला किरणांचा शेक देता येईल, सलाइनमधून औषध देता येईल, पण त्यांच्या अंगात ताकद आहे का, तुम्ही बघा. अक्काला मी विचारलं. ती म्हणाली, "आता लातूर नगं." आणि गाडीत बसल्यावर, "आकडा टाकला काय रं कुणी?"

"हाव, अक्का."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि झोपली.

आईला मी सांगितलं, कोर्स संपला. टीबीचा कोर्स संपतो हे तिला माहीत होतं, तिला ते पटलं. डोकेदुखीचं काय, असं तिनं विचारलं. बाईंनी मेंदूची सूज उतरायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या मी दाखवल्या. रिकामं पाकीट तिनं देवळीतच ठेवलं.

दोन-तीन आठवड्यांनी आईचाच फोन आला. आई स्वतः कधी फोन लावत नाही, तिनं शेजारच्या सुनेकडून लावून घेतला होता. आवाज इतका आनंदाचा, की आधी मी ओळखलाच नाही.

"ये बाबा लवकर. माय निघाली! त्वांड बघ कसं साफ झालंय. एक फोड न्हाई. आता तिला वाटं लावायची हाय, दहीभात करून राहिलेय. भावानं यायला पायजे."

मी लगेच समजलो. गोळी थांबली की पुरळ जातं. त्यात काही अवघड नाही, माझ्या पोरांनीही सांगितलं असतं. फळ्यासमोरच मोबाइल खिशात टाकला, पोरांना सोडलं आणि बस धरली.

गेलो तेव्हा घरात बायकांची ये-जा चालली होती. जी येईल ती अक्काच्या हनुवटीला हात लावून म्हणायची, कशी उजळली बघा, लग्नातल्यासारखी दिसायली. आणि ते खरं होतं. गाल नितळ झाले होते, कपाळ स्वच्छ, त्या लांब पापण्या तेवढ्या राहिल्या होत्या. वर्षभरात पहिल्यांदा मला माझी बहीण जशीच्या तशी दिसली. ती उताणी पडून होती. डावा हात चादरीवर तसाच पडलेला होता.

आईनं परातीत दहीभात, हिरव्या बांगड्या, खण, लिंबाचे डहाळे घेतले. वाजंत्री नव्हती, पण मामांनी कुणाची तरी हलगी आणली होती. मी पुढं व्हायला निघालो तर अक्कानं उजव्या हातानं माझं बोट धरलं. बायका बाहेर पडत होत्या, आवाज चालला होता, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "तिला काही बोलू नगंस. तिच्या धाकट्या बहिणीची आत गेली व्हती. माझी तरी राजीखुशीनं गेली, असं वाटू दे."

"तुला भीती वाटते का?" मी विचारलं. मी असं विचारायला नको होतं, पण विचारलं.

"वाटती," ती म्हणाली. "लई वाटती. तू जा, हलगी वाजायली."

शिवेवर आईनं परात उतरवली. हद्दीच्या पलीकडं तोंड करून हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "आलीस तशी गेलीस, लेकरू माझं मला ठिवलंस, तुझे उपकार!" मग तिनं उरलेला दहीभात आम्हाला वाटला. माझ्या हातावर घास ठेवताना तिचा वणांचा चेहरा असा काही फुलला होता, की मी तो घास खाल्ला आणि गिळलाही.

घरी आल्यावर आईनं पाय धुतले, दारावरचे वाळलेले डहाळे उपटून अंगणात टाकले, आणि चुलीवर कढई ठेवून मोहरीची सणसणीत फोडणी दिली. त्या ठसक्यानं अक्काला खोकल्याची उबळ आली, बराच वेळ थांबेना. आई आत आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि वर्षभरानं पहिल्यांदा तिला पूर्वीसारखी, आपल्या हक्काच्या पोरीसारखी, रागावून बोलली.

"ऊठ गं पोरी. गेली ना आता ती? झालीस ना बरी? किती दिवस निजतीस! ऊठ, त्या भाकरी कोण थापंल?"

अक्कानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग उजवा हात जमिनीवर टेकवून ती उठायला लागली. मी तिच्या पाठीखाली हात घातला.